बोलणीला बसवायचं म्हणजे

आमच्या युनिटमधला टीव्ही बंद ठेवा म्हणून मी कितीदा ओरडले असेन. डायलिसिसला आलेला माणूस चार-चार तास खुर्चीत पडून असतो, त्याने काय बघावं? फुटबॉल बघावा, नाहीतर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघावेत. पण छे, आमच्या पेशंटांना बातम्याच हव्यात. मग बॉम्ब बघून बीपी चढलं की सिस्टर धावत ये. मी म्हणायची, बाबांनो, तुमचं रक्त मशीन साफ करतंय, निदान डोकं तरी साफ ठेवा.

ती सिस्टर म्हणजे मी. सौदीतल्या जुबैलच्या एका खासगी हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली की आता गावी गेले तरी वाळूचा वास नाकात असतो. माहेर रत्नागिरीकडे, खाडीच्या काठाला. नवरा इथल्याच एका प्लँटमध्ये शिफ्टवर. मुलाला मी मराठीत विचारते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो आणि दोघांनाही वाटतं आपलंच बरोबर.

त्या वर्षी टीव्ही बंद करायला सांगायचं मी सोडलं, ते आमच्या डॉक्टरबाईंसाठी. किडनीच्या डॉक्टर, लाल समुद्रापलीकडच्या देशातल्या. देशाचं नाव लिहीत नाही, तिची माणसं अजून तिथे आहेत. सगळं हॉस्पिटल तिला 'दोक्तोरा' म्हणायचं, म्हणून मीही. उंच, सावळी, बोलणं कडक. नवीन नर्सला एकदा तिने असं झापलं की पोरगी लिनेनच्या कपाटामागे जाऊन रडली. पण माझं आणि तिचं जमलं. दोघींच्या तोंडाला लगाम नाही, हे कारण असावं.

तिच्या देशात एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला बंडखोर. बंडखोरांनी तिच्या गावाला वेढा घातला होता आणि म्हातारी आई आत अडकली होती. एकच रस्ता बाहेर यायचा, तोही बंद. बंडखोर बोलणीला आले तर रस्ता काही दिवस उघडेल आणि म्हातारी माणसं, बायका, मुलं बाहेर पडतील, असं सगळे सांगत होते. इकडे दोक्तोराने आईचा व्हिजिट व्हिसा काढून ठेवलेला. घरात तिच्यासाठी पलंगसुद्धा आणून ठेवला होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की ते लोक जेद्दाला येऊन टेबलाशी बसतात की नाही.

आणि ते बसत नव्हते! अमेरिकेचा दूत आला, गेला. युरोपवाले आले. इथल्या मंत्र्यांनी फोन केले. पहिल्यांदा विनंती, मग इशारा, मग परदेशातली खाती गोठवू, प्रवासाला बंदी घालू, मग परत विनंती. बंडखोरांचं आपलं रोज नवीन. आम्हाला कुठल्या नावाने बोलावणार? दारातून आधी कोण आत जाणार? समोरच्याने आधी माघार घेतली पाहिजे. हॉटेल आम्हाला चालणार नाही.

मला तर हे ऐकून हसूच यायचं. आमच्याकडे निकाहात एक तरी चुलता रुसलेला असतोच. कार्ड पाठवलं तर म्हणतो, मी काय परका आहे? धाकट्याला पाठवलं तर म्हणतो, थोरला मेला काय? शेवटी जमातीतली चार मोठी माणसं जातात, ओटीवर बसतात, आणि हा आत बसून ऐकत असतो की माझं नाव कितीदा घेतलं. मी दोक्तोराला हे सांगितलं. म्हटलं, तुमचे बंडखोर म्हणजे आमचा गफूर— म्हणजे आमचा एक चुलता, तोच. नाव कशाला घ्या.

ती हसली नाही. म्हणाली, "तुझा चुलता गावाला वेढा घालून बसत नाही."

तिचं खरंच होतं.

बंडखोरांना जेवढ्या शिव्या ती द्यायची तेवढ्या कोणी देत नसे. लष्करावरही तिचा विश्वास नव्हता, पण बंडखोर टीव्हीवर दिसले की तिचा जबडा घट्ट व्हायचा. एकदा चहाच्या वेळी मी विचारलंच, एवढा राग कशाचा? तिने कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "त्यांच्यात माझा भाऊ आहे. धाकटा. मी वाढवलेला. तो तिकडे गेला त्या दिवशी मी आईसमोर शपथ घेतली, मला भाऊ नाही. तेव्हापासून त्याचा आवाज ऐकलेला नाही." एवढं बोलून ती पेशंट बघायला निघून गेली.

आता माझा वेडेपणा सांगते. आमच्याकडे एक म्हातारे सौदी बाबा यायचे, हफ्र अल बातिनच्या बाजूचे, वाळवंटात उंट राखणारे जुने बद्दू. मुलाकडे राहायला जुबैलला आलेले. माणूस राजा, पण पाणी पिण्यात महाहट्टी. किडनी गेलेल्या माणसाने घोट घोट मोजून प्यायचं असतं, कारण प्यायलेलं बाहेर जायला वाट नसते. हे बाबा दोन डायलिसिसच्या मध्ये असे फुगून यायचे की धाप लागलेली, पाय सुजलेले. मी समजावलं, रागावले, घाबरवलं, त्यांच्या बायकोच्या हातापाया पडले. उपयोग शून्य.

त्यांची बायको थर्मासात गहवा आणायची, वेलची घातलेला त्यांचा पिवळट कॉफीचा काढा. एक दिवस बाबांनी मला छोटासा कप भरून दिला. आता युनिटमध्ये खायला-प्यायला बंदी, नियम मीच भिंतीवर लावलेला. पण आमच्या घरची शिकवण अशी, की कोणी हातात कप दिला तर नाही म्हणायचं नाही. घ्यायचा, बाजूला ठेवायचा, "पिते हं" म्हणायचं आणि माणसाची पाठ वळली की बघता येतं. तसाच मी तो घेतला आणि त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवून दिला.

बाबा ताडकन उठून बसले. हातात सुया! मशीन बोंबलायला लागलं, मी धावले. बाबा मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "माग. काय हवंय तुला?"

मला काही कळेना. मी मशीन बघू की यांना बघू? तेवढ्यात दोक्तोरा आली आणि कप बघून हसत सुटली. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. तिने सांगितलं, या लोकांत कोणाच्या घरी मोठी मागणी घेऊन गेलं, की पाहुणा दिलेला कप पीत नाही, समोर ठेवतो. यजमानाने विचारायचं, काय हवंय. आणि मागितलं ते दिल्याशिवाय पाहुणा पीत नाही. कप तसाच परत न्यावा लागला तर यजमानाची अब्रू गेली. "आमच्या आजोबांकडेही हे होतं," ती म्हणाली. "तू आता अडकलीस. माग काहीतरी."

मग काय, मी पण कोकणातली. म्हटलं, "बाबा, पाणी कमी प्यायचं. मी सांगेन तेवढंच."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बायको बुरख्याआड हसायला लागली. शेवटी बाबा म्हणाले, "घे." आणि मी तो गहवा माझाच नियम मोडून प्यायले. पुढच्या वेळी बाबा आले ते चक्क चालत, पाय सडपातळ. जे औषधाने झालं नाही, बोलून झालं नाही, ते एका कपाने झालं. घरी जाऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "माझ्यासमोर कप ठेवू नकोस म्हणजे झालं."

तिकडे जेद्दाला शेवटी घोडं पुढे सरकलं. ज्यांच्या जिवावर बंडखोर उड्या मारत होते, त्यांनीच कान पिळला असणार, असं युनिटमधले सगळे जाणकार म्हणत होते. टीव्हीवर बंडखोरांची माणसं विमानातून उतरताना दिसली, नवे कोट, कपाळावर आठ्या. रस्ता उघडला. आठवडाभरच उघडा राहील, असं परदेशी दूतांनी सांगितलं. दोक्तोराने मला मिठीच मारली. एप्रनसकट! मी घरून नारळाच्या वड्या करून आणल्या आणि सगळ्या स्टाफला वाटल्या.

पण म्हातारी निघेना.

गावात सॅटेलाइटवर फोन लावून देणारं एक दुकान होतं. तिथे जाऊन आई बोलायची. म्हणायची, मी नाही येत. शेजारी निघाले, मावशी निघाली, मशिदीतले लोक निघाले. ही आपली घरात. कारण विचारलं तर म्हणे, "मी गेले तर तो कोणाकडे येईल?" तो म्हणजे धाकटा. दोक्तोराने रडून बघितलं, रागावून बघितलं, मामांना फोन करायला लावले, इमामाकडून सांगून बघितलं. दिवस जात होते. जेद्दात दोन्ही बाजू एकमेकांना ऐकवत होत्या, कधी उठून जातील याचा नेम नव्हता, आणि उठले की रस्ता बंद.

मलाच सुचलं ते. म्हटलं, कप ठेव की आईसमोर. व्हिडिओवर ठेव. मान द्यायचा असतो तो असाच.

शुक्रवारी दुपारी मी तिच्या फ्लॅटवर गेले, बिर्याणीचा डबा घेऊन. नमाजानंतर फोन लागला. चित्र अडकत होतं, पण म्हातारी दिसली. डोक्यावर पांढरं, गाल आत गेलेले, डोळे मात्र लेकीचेच. दोक्तोराने कॉफी ओतली, कप कॅमेऱ्यापुढे आणला आणि खाली ठेवला. एक शब्द बोलली नाही.

म्हातारी बघत राहिली. मग हसली. "माझ्या बापाची आठवण करून दिलीस," म्हणाली. "माग."

"गाडीत बस. उद्याच. एवढंच मागते."

इथवर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. म्हातारी पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. ती म्हणाली, "माझ्यापुढे ठेवायला कप नाही, पोरी. या गावात कॉफी बघून किती काळ झाला. पण मीही एक ठेवला आहे असं समज. तुझ्या भावाला फोन कर, नंबर तुझ्या मामाकडे आहे. तू त्याच्याशी बोललीस की मी निघते."

दोक्तोराचा चेहरा दगडासारखा झाला. "त्याच्याशी नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीही माग."

"दुसरं काही नको," म्हातारी म्हणाली. तिथे फोन तुटला, की तिने ठेवला, कोण जाणे.

कॉफी गार झाली. बिर्याणीला कोणी हात लावला नाही. दोक्तोरा खिडकीशी उभी राहून म्हणायला लागली, त्याच्या माणसांनी शेजारची घरं जाळली, दवाखाना लुटला, ज्या दवाखान्यात मी शिकले तोच, आणि मी त्याला फोन करू? काय बोलू? माझा जीव तुटत होता, पण माझं तोंड काही आवरत नाही. म्हटलं, "रोज टीव्हीसमोर उभी राहून ओरडतेस, हे लोक बोलायला का बसत नाहीत म्हणून. सगळ्या जगाने यांना कानाला धरून आणावं म्हणतेस. आणि तू? तुला आणायला कोणत्या देशाचा दूत बोलावू?"

अरबी, इंग्लिश, हिंदी, सगळं मिसळून बोलले असेन, पण तिला नीट कळलं. तिने दार उघडून धरलं. मी डबा तिथेच टाकून घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोणाच्या घरातलं दुःख तुला काय माहीत?" त्याचंही बरोबर होतं, पण माझंही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतं बोलली. याला हेपरिन कमी करा, त्याची सुई बदला, संपलं. टीव्हीवर परदेशी दूतांचे चेहरे उतरलेले दिसत होते. बंडखोरांचे नेते रात्री हॉटेल सोडणार अशी बातमी होती. बाबांनीसुद्धा खुर्चीतून विचारलं, "दोक्तोराची आई निघाली का?" मी नाही म्हणून मान हलवली.

दुपारी मी सामान आणायला स्टोअरमध्ये गेले तर दार आतून लोटलेलं. आतून तिचा आवाज येत होता. मी खोटं कशाला बोलू, मी तिथेच उभी राहिले. ती भावाशी बोलत होती. बोलत कसली, शिव्या देत होती! निर्लज्ज म्हणाली, खुनी म्हणाली, बापाच्या नावाला काळं फासलंस म्हणाली, माझ्या हातचं खाल्लेलं ओकून टाक म्हणाली. थांबेचना. मध्ये श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरू. त्या बाजूने एक शब्द येत नव्हता. मला वाटलं, ठेवला असेल त्याने फोन. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने विचारलं, "आहेस का?"

तेव्हा आवाज आला. काय म्हणाला ते मला कळलं नाही. ती मात्र सलाइनच्या खोक्यावर बसली आणि बराच वेळ नुसती "हो, हो" म्हणत राहिली.

बाहेर आली तेव्हा मी ट्रॉली घेऊन काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होते. ती म्हणाली, "तो आईला स्वतः गाडीत बसवतो म्हणाला. रस्त्यावरच्या त्याच्या माणसांना सांगून ठेवतो म्हणाला." मग मला म्हणाली, "तू लांबून ऐकायला शीक." एवढंच. माझ्यावरचा राग गेला होता.

त्याच रात्री जेद्दातली बोलणी मोडली. कोण आधी उठलं यावर अजून वाद चालू आहेत. पण सकाळी रस्ता बंद व्हायच्या आत शेवटचे ट्रक निघाले होते आणि त्यातल्या एकात म्हातारी होती. पुढे बंदर, बोट, जेद्दा, मग आमच्या जवळच्या दम्मामचं विमान. विमानतळावर मी आणि दोक्तोरा दोघी गेलो. व्हीलचेअरमधून एक मूठभर बाई बाहेर आली, मांडीवर एक गाठोडं. दोक्तोरा धावली आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून रडली. मीही रडले. रडायला काय लागतं, सगळा विमानतळ रडला असता.

म्हातारीला मी घरी जेवायला बोलावलं. तिला आमचे घावन आवडतात, नारळाच्या दुधात बुडवून खाते. भाऊ मात्र त्यानंतर कोणाला सापडला नाही. तो ज्या तुकडीत होता तिच्यावर हल्ला झाला असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं त्याच्याच वरच्यांनी पकडला, शत्रूची गावं रिकामी करायला मदत केली म्हणून. फोन लागत नाही. परदेशी दूत पुन्हा फेऱ्या मारताहेत, बंडखोरांनी बोलणीला बसावं म्हणून पुन्हा दबाव आहे. दोक्तोरा टीव्ही लावते, पण आता ओरडत नाही. नेत्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे बघत असते.

मागच्या महिन्यात तिघी बसलो होतो. दोक्तोरा एकदम म्हणाली, "माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे शिव्या. सगळ्या शिव्या. त्याने त्याच घेऊन जायच्या होत्या का?"

म्हातारी घावन खात होती. तिने हात पुसला.

"ट्रकजवळ त्याने मला उचलून वर ठेवलं," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर त्याचे दोस्त होते, बंदुका घेतलेले. सगळ्यांना सांगत होता, आज माझ्या ताईचा फोन आला. काय काय शिव्या दिल्यास, ते एकेक करून सांगत होता. ती पोरं हसत होती. मी त्याला लहानपणानंतर इतका खूश बघितला नव्हता."

दोक्तोरा उठून आत गेली. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. म्हातारीने अजून एक घावन मागितला आणि मी तो तिच्या ताटात वाढला.